काळी म्हैस दाखवणारा बल्ब

"म्हैस पांढरी कर, नाहीतर सरकारजमा कर!" शार्दूलमहाराजांनी फर्मान सोडलं आणि सगुणा गवळणीच्या पायाखालची जमीनच सरकली. तिची चूल त्या एकुलत्या म्हशीच्या, चंद्रीच्या दुधावर पेटायची.

झालं होतं असं की, महाराजांच्या नव्या मोटारीबरोबर सासऱ्यांनी काळाकुट्ट गॉगल धाडला होता. गॉगल काढला तर आपण ड्रायव्हर दिसू, म्हणून महाराज तो दिवेलागणीनंतरही काढेनात. रोज संध्याकाळी फेरफटका आणि रोज सगुणाच्या गोठ्याला धडक! चंद्री दरवेळी थोडक्यात वाचायची. "महाराज, गॉगल..." एवढंच म्हणालेले दिवाणजी हत्तीखान्यात शेण उचलत होते. मग दुसरं कोण तोंड उघडणार?

खापर मोटारीच्या दिव्यांवर फुटलं. व्यापारी हॅलोजनचे बल्ब घेऊन धावले.

"हा दीडपट उजेडाचा!"

"हा दुप्पट! पण जळतो लवकर."

"हा निळसर, ऐटदार!"

महाराजांनी एकेक लावून पाहिला. दरबारी दिपलेले डोळे चोळत राहिले आणि महाराज गोठ्यात घुसत राहिले. शेवटी त्यांनी निकाल दिला, "बल्बांत खोट नाही, म्हैसच फार काळी आहे!"

सगुणा रडली नाही, चिडली. "सरकार, म्हशीवर रंग टिकायचा न्हाई, ती डबक्यात बसती. पण काळी म्हस दावणारा बल्ब माज्यापाशी हाय. आज लावून बगा. न्हाई दिसली तर चंद्री तुमची!"

दिवेलागणीला मोटार गोठ्यासमोर उभी राहिली, मागे सगळा दरबार. सगुणाने बल्ब बसवला आणि हात जोडले. "उजेड लई जहाल हाय. मुक्या जनावराचे डोळे जातील. राज्यात गॉगल एकच, तुमच्या नाकावर. तेवढा तिला द्या."

"आणि आमचे डोळे?"

"तुमी तर दिव्याच्या मागं, सरकार!"

महाराजांना दानशूर म्हणवून घ्यायची हौस होतीच. गॉगल चंद्रीच्या शिंगांना बांधला गेला. खटका दाबला.

"दिसली!" महाराज सीटवर उभेच राहिले. "शिंगं दिसली, शेपूट दिसलं, शेपटीवरची गोमाशी दिसली! कुठला हा बल्ब?"

"मोटारीसंगं आलेला पयलाच. तुमी उकिरड्यावर फेकलेला!"

महाराजांनी आधी बल्बाकडे पाहिलं, मग चंद्रीकडे. "मग इतके दिवस अंधार कसला होता?"

"बल्ब समदेच चांगले होते, सरकार. उजेड तुमच्या नाकापत्तुर येऊन थांबत हुता!"

महाराज इतके हसले की हॉर्नवर कोसळले, आणि हॉर्न वाजतच राहिला. सगुणाला पक्का गोठा मिळाला, दिवाणजी हत्तीखान्यातून सुटले.

"गॉगल राहू दे चंद्रीला," महाराज म्हणाले. "तिला आमच्यापेक्षा शोभतो!"

आणि दरबाराने पहिल्यांदाच मनापासून मान डोलावली.