हैबतीचा मनाई हुकूम

“कायम म्हंजे मरेपर्यंतच ना, बुवा? का मधीच उठतो हुकूम?”

हाडवैद्य हैबती तरडे मठाच्या पायरीवरूनच विचारत होता. चेतनगीर बुवा ओसरीवर सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन बसले होते.

“आधी वर ये,” बुवा म्हणाले.

प्रकरण साऱ्या गावाला ठाऊक होतं. गेनबा हा हैबतीचा चेला. हाडं सांधायचा तरड्यांचा लेप शिकवतानाच करार झाला होता, की गेनबानं तो स्वतः बनवायचा नाही. त्यानं नदीपल्याड लेपाचं दुकानच मांडलं. हैबती कोर्टात गेला. शेवटी दोघांनी तडजोड लिहून दिली आणि कोर्टानं संमतीनंच कायमचा मनाई हुकूम दिला. गेनबानं पुन्हा लेप बनवायचा नाही.

“म्हणजे जिंकलास.”

“जिंकलो की!” हैबतीनं छाती काढली. मग वळून मागचा रस्ता बघितला.

“गेनबा काय करतो?”

“शेळ्या राखतो. निवांत झोपतो म्हनं.”

“आणि तू?”

“भ्या वाटतंय, बुवा... वाऱ्यावर जरा वास आला, की त्यो चोरून लेप घोटतोय असंच वाटतं. दाराला कडी बसवली.”

हाडवैद्याच्या दाराला कडी नसते. कण्हत आलेल्यानं दार वाजवत बसू नये, म्हणून. तरड्यांच्या घरात आजवर कुणी ती बसवली नव्हती.

“पोराला शिकवतोस ना?”

“त्याला बी लांबच ठेवतो. शिकला आन् फुटला तर?”

“मग तुझ्यामागं हा लेप...”

लेप आपल्याबरोबरच संपणार, हा विचार हैबतीला रोज घाम फोडत होता.

बुवांनी मनगट पुढं केलं.

हैबतीनं कमरेची डबी काढली. झाकणावर अंगठा ठेवला आणि थांबला. ओसरीच्या टोकाला कुणी वाटसरू भाकरी खात बसला होता. वास सुटला, त्यानं लेपातला पाला ओळखला, तर?

वाटसरूनं नुसतं पाण्यासाठी वर बघितलं. हैबतीनं डबी परत कमरेला खोचली.

“सांजच्याला लावतो, बुवा... कुनी नसताना.”

बोलला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण डबी काही उघडली नाही.

बुवांनी मनगट मागं घेतलं.

“गेनबा तर सुटला, हैबती. तुझ्या सुटकेची तारीख कधी आहे?”