साहेबांच्या टेबलावर ब्याण्णव कुटुंबं

“आधी टेबलावरून खाली उतरा!”

“नाही उतरत.”

“बाई, ही सरकारी कचेरी आहे!”

“मग मी कधी म्हटलं तुझं देवघर आहे? सरकारी आहे म्हणूनच बसलेय.”

“अहो, तुम्ही फायलींवर बसलाय!”

“मऊ आहेत.”

मामलेदार निगुडकर साहेब उभ्यानं ओरडत होते. उभ्यानं, कारण त्यांच्या खुर्चीत शेळी बसली होती. टेबलावर कौतिकआजी मांडी घालून बसली होती. शेजारी तिची नातसून, नववा महिना लागलेली, पाय लांब सोडून. कपाटावर दोन पोरं. खोलीतून ओसरीपर्यंत, ओसरीवरून रस्त्यापर्यंत माणसंच माणसं, आणि सगळी ओळीनं. कोपऱ्यात मुकिंदा कोतवाल हात जोडून उभा. काम चोख झालंय, आता शाबासकी मिळेल, असा त्याचा चेहरा.

भांडण असं मधूनच ऐकलं की बाई भांडखोर वाटते. बाईच्या बाबतीत लोक नेहमी मधूनच ऐकतात. म्हणून मी मुळापासून सांगते.

हिंगणखेड नावाच्या गावात एक भोळा कोतवाल होता. त्याचं नाव मुकिंदा. चावडी झाडायची, दवंडी द्यायची, साहेब सांगतील ते करायचं, हे त्याचं काम. आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा, आणि त्यातच सगळा घात व्हायचा. लहानपणी आई म्हणाली, दुधावर नजर ठेव. दूध उतू गेलं, चूल विझली, मांजर येऊन भांडं चाटून गेलं. पठ्ठ्यानं नजर काही हलवली नाही.

त्या साली नदीपलीकडच्या मुलखात दंगा उसळला. गावंच्या गावं जळाली. ब्याण्णव कुटुंबं नेसत्या कपड्यांनिशी आणि हाताला लागल्या त्या शेळ्यांनिशी नदी उतरून हिंगणखेडला आली आणि बाजारतळावरच्या ओट्यांवर राहिली. कौतिकआजी त्यांची म्होरकी. तिला कुणी निवडली नव्हती. तिचा आवाजच तसा होता.

सरकारनं ठरवलं, या लोकांना गावाबाहेरच्या माळावर जागा द्यायची, घरांना पत्रे द्यायचे, एक विहीर पाडून द्यायची. पण किती जणांना? त्याची यादी शुक्रवारपर्यंत जिल्ह्याला पोचायला हवी. नाही पोचली तर तो पैसा परत जाणार आणि लोकांना चार तालुक्यांत पांगवणार.

आजीचं म्हणणं एकच होतं. “कुठंही टाका, पण सगळ्यांना एका जागी टाका. नातसून बाळंत होईल तेव्हा आजूबाजूला ओळखीची माणसं पाहिजेत.”

यादीचं काम साहेबांनी मुकिंदाला दिलं. साहेब स्वतः का गेले नाहीत? बाजारतळावर चिखल होता आणि साहेबांचे बूट नवे होते.

साहेब म्हणाले, “मुकिंदा, घरोघरी जायचं. दार वाजवायचं. आत किती माणसं ते लिहायचं.”

“जी,” म्हणून मुकिंदा निघाला.

बाजारतळावर पोचला. दार शोधलं. दार नव्हतं. भिंतही नव्हती. चार खांब, वर छप्पर, खाली माणसं. वाजवायचं काय? सगळ्या ओट्यांना फेरी घालून परत आला. यादीत लिहिलं होतं : दारं नाहीत. सबब माणसं नाहीत. एकूण शून्य.

“अरे शहाण्या, घर गेलं म्हणून तर ती इथं आली! दार बघू नकोस, माणूस बघ. दिसेल तो माणूस लिही. आणि पत्त्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही. माणूस जिथं असेल तिथलाच पत्ता लिहायचा.”

“जी.”

दुसरा दिवस आठवड्याच्या बाजाराचा. मुकिंदा बाजारतळावर उभा राहिला आणि दिसेल तो माणूस लिहीत गेला. बांगडीवाला लिहिला, भजीवाला लिहिला. भज्यांच्या गिऱ्हाइकांना लिहिलं. पत्ता : भज्यांच्या गाडीपुढे. माकडवाल्याला लिहिलं. माकडापाशी जरा थांबला, मग पुढे गेला. संध्याकाळी यादी साहेबांपुढे ठेवली. अठराशे चाळीस निर्वासित.

साहेब वाचायला लागले आणि एका ओळीवर थबकले. “‘मामलेदार साहेब. पत्ता : जीपमध्ये, ओझरते.’ हे काय आहे?”

“आपण दिसलात ना, साहेब.”

“अरे, दिसेल तो नव्हे! आधी विचारायचं. ‘तुम्ही आपलं गाव, आपलं घरदार सोडून इथं आलात का?’ हो म्हणेल त्यालाच लिहायचं. आणि एका टोकानं सुरू कर. कुणी गळता कामा नये.”

“जी.”

मुकिंदानं एका टोकानं सुरू केलं. गावाच्या टोकाचं पहिलं घर पाटलांचं. आता दार होतं, ते वाजवलं. पाटलीणबाई पीठ मळत्या हातानं बाहेर आल्या.

“पाटलीणबाई, तुम्ही आपलं गाव, आपलं घरदार सोडून इथं आलात का?”

पाटलीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग दाराला टेकल्या. “सोळाव्या वर्षी आले रे बाबा. चाळीस वर्षं झाली. आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.”

मुकिंदानं लिहिलं. रकाने छापीलच होते. सोडण्याचं कारण : लग्न. स्वखुशीनं की कसं : विचारलं नव्हतं. सोबत काय आणता आलं : तीन लुगडी, एक तांब्या. परत जायची इच्छा : आता भाऊजय तिथं राज्य करते.

मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. बातमी पुढे पळाली. कोतवाल बायकांना विचारतोय म्हणून बायका चुली सोडून ओट्यावर येऊन बसल्या. सासवा बसल्या, सुना बसल्या. एका सासूनं सुनेला दटावलं, “मी आधी आले, आधी माझं लिहू दे.” दोन दिवसांत पुरं गाव झालं. तीनशे अकरा निर्वासित. पैकी बायका तीनशे दहा. पुरुष एक. तो घरजावई.

माझं मत विचाराल तर मुकिंदाच्या साऱ्या याद्यांत ही यादी तेवढी बरोबर होती. पण मत कोण विचारतं!

साहेबांनी यादी उघडली. दुसऱ्याच पानावर त्यांच्या सौभाग्यवती. उमाबाई निगुडकर. नुकसान : बरंच. परत जायची इच्छा : यांची बदली कुठं होते ते बघून सांगते.

साहेबांनी पाणी मागवलं. “लग्न करून आलेलं माणूस निर्वासित नसतं, गाढवा! ज्याचं लग्न झालंय त्याचं नाव काट! आणि गावात फिरू नकोस, बाजारतळावर जा!”

“जी.”

मुकिंदा बाजारतळावर गेला. कौतिकआजी पुढेच बसली होती.

“आजी, तुमचं लग्न झालं होतं का?”

“या वयात स्थळ आणलंस का माझ्यासाठी?”

“झालं होतं का नाही, तेवढं सांगा.”

“झालं होतं.”

मुकिंदानं नाव काटलं. आजीच्या पोराचं काटलं, नातवाचं काटलं. नातसुनेचं तर दोनदा काटलं, कारण तिचा पुरावाच दिसत होता. राहिली कोण? पोरंटोरं आणि एक गोसावी. साहेबांपुढे यादी गेली. कुटुंबप्रमुख : बबी. वय : चार. व्यवसाय : रडणे.

“या पोरीला घर देऊ मी? विहिरीत पडेल ती!” साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. “माणसांच्या तोंडचं काही ऐकूच नकोस. कागद बघ. ज्याच्यापाशी कागद असेल तोच खरा. गुरुवार आलाय, मुकिंदा!”

“जी.”

गुरुवारी सकाळी मुकिंदा पुन्हा आजीपुढे उभा.

“आजी, कागद.”

“जळाले.”

“मग जळाल्याचा कागद दाखवा.”

“अरे लेकरा, घर पेटलं तेव्हा मी पेटवणाऱ्याला थांबवून म्हणायचं होतं का, की बाबा, एवढं लिहून दे?”

“तसं केलं असतं तर बरं झालं असतं.”

आजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हा टोमणा नाही, हे तिला कळलं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. “दम खा,” म्हणाली आणि ओट्यामागून शेळी ओढून आणली. “हिचा आहे बघ कागद.”

खरंच होता. नदीच्या काठावर गुरांच्या डॉक्टरनं अकरा शेळ्यांना लस टोचली होती आणि प्रत्येकीची चिठ्ठी दिली होती. माणसांना काही टोचलं नव्हतं, म्हणून माणसांना चिठ्ठ्या नव्हत्या. मुकिंदानं अकरा चिठ्ठ्या तपासल्या. शिक्का होता, तारीख होती. संध्याकाळी यादी तयार. निर्वासित : अकरा. रंग : सहा काळ्या, चार तांबड्या, एक बांडी.

साहेब आता ओरडले नाहीत. त्यांचा आवाज बसला होता. ते खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले.

“मुकिंदा. उद्या शुक्रवार. मला खरीखुरी माणसं पाहिजेत. हाडामांसाची. एकूण एक. क्रमानं. सकाळी दहाच्या आत, माझ्या टेबलावर. आणि एक प्रत सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला गेली पाहिजे. समजलं?”

“जी,” मुकिंदा म्हणाला. या वेळी त्याला खरंच समजलं होतं. इतके दिवस साहेब आडून आडून सांगत होते. आज सरळ सांगितलं.

शुक्रवारी उजाडताच तो बाजारतळावर गेला.

“आजी, साहेबांनी तुम्हाला मागवलंय. सगळ्यांना. टेबलावर.”

“टेबलावर?”

“टेबलावर.”

आजीनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग कमरेला पदर खोचला. “उठा रे सगळे. कधी नव्हे ते सरकारनं नीट बोलावलंय.”

म्हणून सात वाजता ब्याण्णव कुटुंबं कचेरीत होती. मुकिंदानं क्रम लावला. एक नंबर टेबलावर, दोन नंबर टेबलावर, तीन-चार कपाटावर, बाकीचे मावतील तसे. दहाला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले. तेव्हापासून हे भांडण सुरू होतं.

“आणि ही शेळी?” साहेब किंचाळले. “माझ्या खुर्चीत?”

“हिचे कागद पुरे आहेत, साहेब,” मुकिंदा म्हणाला. “म्हणून हिला खुर्ची दिली.”

“मी पोलीस बोलावतो!”

“बोलाव,” आजी म्हणाली. “त्यांनाही सांग, कुठं न्यायचं ते. आम्हाला हाकलायचं तर हाकलायला जागा लागते, सायबा. ती तुझ्यापाशी आहे. माळावर आहे. सही कर, आत्ता उतरते.”

“सही कशावर करू? यादी कुठंय? यादीच नाही!”

“आहे ना, साहेब,” मुकिंदा पुढे झाला. “आपण एक प्रत जिल्ह्याला पाठवायला सांगितली होती. मी सकाळीच सगळ्यांना इथं बसवून लिहिली आणि साडेनऊच्या एसटीनं धाडली. ब्याण्णव कुटुंबं, चारशे सात माणसं. बायका, पुरुष, पोरं, कुणी गाळलं नाही. कारण : घर जाळलं. इच्छा : एका जागी राहायची. आजींनी सांगितलं तसंच लिहिलं.”

आठवडाभरात पहिल्यांदा साहेबांच्या तोंडावर थोडा रंग आला. “बरोबर लिहिलीस?”

“एकही रकाना रिकामा नाही.”

“शाबास. आणि पत्ता? पत्ता काय लिहिलास?”

“आपणच सांगितलं होतं, साहेब. माणूस जिथं असेल तिथला.” मुकिंदानं बोटानं दाखवलं. “मामलेदारांचं टेबल. ब्याण्णवच्या ब्याण्णव कुटुंबांना तोच घातलाय. आपण ओरडत होतात तेवढ्यात जिल्ह्याहून मोठ्या साहेबांचा फोनही आला, यादी पोचली म्हणून. मीच बाहेर घेतला. दुपारी दोनला पत्त्यावर तपासायला येतायत. माणसं पत्त्यावर सापडली नाहीत, तर यादी ज्याच्या कचेरीतून आली त्यालाच जबाबदार धरणार म्हणाले.”

साहेब खाली बसायला गेले. खुर्चीत शेळी होती. परत उभे राहिले.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. बबीच असावी. साहेबांनी टेबलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, खिडकीतून दूर दिसणाऱ्या रिकाम्या माळाकडे बघितलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि मध्येच थांबला.

तेव्हा कौतिकआजीनं नातसुनेच्या पाठीमागे एक जाडसर फाइल उशीसारखी नीट लावली, आणि ज्या वाक्यानं साहेबांनी पेनाचं टोपण काढलं ते वाक्य ती बोलली :

“हे बघ सायबा, आता आमचा पत्ता तरी बदल, नाहीतर तुझं टेबल तरी.”