खडकेवाडीचा सातचा भोंगा

खडकेवाडीत हणमा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण बाकीच्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. हणमाला लपवता येत नसे. त्याला जे सांगावं ते तो करी, आणि सांगितलं तेवढंच करी.

चाळिशी आली तरी त्याला काम नव्हतं. त्याची आई गजराबाई सरपंचांच्या दारात बसून राहिली, तेव्हा कुठे तो ग्रामपंचायतीत शिपाई झाला. पाणी सोडायचं, रस्त्यावरचे दिवे लावायचे, गावाच्या विजेच्या डीपीच्या पेटीची किल्ली सांभाळायची. सरपंचांना सगळं गाव आबा म्हणे. आबा म्हणाले, "गजराकाकू, तुमच्या तोंडाकडं बघून घेतोय. पण त्यानं गावाची अब्रू घालवली, तर त्या दिवशी घरी." गजराबाईने मान हलवली. आपल्या माघारी पोराला दोन घास मिळावेत, एवढीच तिला काळजी होती.

त्याच सुमारास शाळेतल्या शिंगाडे बाईंनी ग्रामसभेत तक्रार मांडली. पोरं संध्याकाळी अभ्यास करत नाहीत, घराघरांत टीव्ही चालतो, मोबाईल चालतो. सगळ्यांना पटलं. मोबाईल फार वाईट, असं जो तो म्हणाला. काहींनी तर मोबाईलवरून नजर न काढता म्हटलं. मग ठरलं की रोज सातला चावडीवरचा भोंगा वाजवायचा, आणि नऊपर्यंत गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद.

आबांनी सभेतच हणमाला उभं केलं. "हणमा, सात वाजले की भोंगा वाजवायचा. मग गावातनं फेरी मारायची. टीव्ही चालू दिसला, बंद कर. मोबाईल दिसला, काढून घे, नऊला परत दे. मी असलो तरी सोडायचं नाही."

शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. हणमा म्हणाला, "बरं आबा."

दुसऱ्या दिवशी सात वाजले. हणमाने भोंगा वाजवला. सकाळचे सात.

गवळ्याने डेअरीचा फोन मध्येच तोडला. घराघरांतली टीव्हीवरची आरती अर्ध्या ओळीत थांबली. पोरं आंघोळ सोडून पुस्तकं घेऊन बसली ती नऊपर्यंत उठली नाहीत, आणि शाळेत उशिरा पोहोचली. शिंगाडे बाईंनी उशिराचं कारण विचारलं. पोरं म्हणाली, अभ्यास करत होतो.

गजराबाईने कपाळाला हात लावला. "आरं लेकरा, एका दिसात सात दोनदा वाजत्यात."

"मग गं?"

"आधी भवताली बघावं. अंधार असला तरच भोंग्याला हात लावावा. उजेड असला तर लावू नये."

"बरं आई. आता तसंच करतो."

मग संध्याकाळचं गाडं सुरळीत लागलं. हणमा अंधार बघून भोंगा वाजवी आणि फेरी मारी. फेरीच्या वेळी लोक दारं लावून आत बारीक आवाजात मालिका बघत. हणमाला काही दिसत नसे, आणि दिसल्याशिवाय बंद करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं गाव नियमाचं कौतुक करत होतं.

पुढे शाळेत डिजिटल वर्ग सुरू झाला. शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. भर दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून त्यांनी भिंतीवर सिनेमा लावला, मोबाईलमधून शिक्षण कसं घ्यावं याचा. हणमा चहा घेऊन आत आला. आत अंधार. त्याने चहा खाली ठेवला, शेजारच्या चावडीत धावत गेला आणि भोंगा वाजवला. वर्गातल्या पोरांनी सवयीने सिनेमाची वायर उपटली. हणमा परत आला आणि साहेबांच्या हातातला मोबाईल त्याने अदबीने काढून घेतला.

"नऊला या," तो म्हणाला.

गजराबाई म्हणाली, "आरं बाबा, सायब लोक काही दाखवत असले तर मधी पडू नये. हात जोडून गप उभं राहावं. आणि संपलं की टाळ्या वाजवाव्यात."

"बरं आई. आता तसंच करतो."

आठवड्याने भागूआजी वारल्या. पिकलं पान होतं ते. पुण्याहून त्यांचा नातू आला, काळा चष्मा लावून, म्हणजे हणमाच्या लेखी साहेबच. नातवाचा भाऊ दुबईला होता, त्याला शेवटचं दर्शन व्हावं म्हणून नातवाने मोबाईल धरून सगळं दाखवलं. आजींचा चेहरा दाखवला, पाय दाखवले, तिरडी दाखवली. हणमा सगळा वेळ हात जोडून उभा होता. बायका कुजबुजल्या, भोळा असला तरी माणुसकी आहे हो. नातवाने मोबाईल बंद केला. हणमाने टाळ्या वाजवल्या. भजनी मंडळातल्या एकाने सवयीने साथ दिली.

त्या दिवशी गजराबाईने त्याला जेवायला वाढायच्या आधीच शिकवलं. "आरं, आसा कुणी मोबाईल समोर धरला, तर मान खाली घालावी. रुमाल डोळ्याला लावावा. आणि म्हणावं, देवाची मर्जी, जाणाऱ्याला कोण अडवणार?"

"बरं आई. आता तसंच करतो."

पुढच्याच महिन्यात सातवीतली कावेरी शिष्यवृत्तीत जिल्ह्यात पहिली आली. भोंग्याचा गुण म्हणून आबांनी सत्कार ठेवला. कावेरीला झेंडूचा हार घातला, वार्ताहराने फोटोसाठी मोबाईल समोर धरला. कडेला उभ्या असलेल्या हणमाने मान खाली घातली आणि रुमाल डोळ्याला लावला. "देवाची मर्जी," तो म्हणाला, "जाणाऱ्याला कोण अडवणार?"

फोटो पेपरात छापून आला. मधे हार घातलेली कावेरी, शेजारी रडणारा हणमा. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही आधी फोटोच बघितला. दुसऱ्या दिवशी कावेरीची मावशी एसटीतून रडतच उतरली. तिला पाणी कावेरीनेच नेऊन दिलं.

आबा संतापले. गजराबाई पुन्हा त्यांच्या दारात जाऊन बसली. शेवटी आबा म्हणाले, "काकू, ही शेवटची वेळ. पुढच्या सोमवारी टीव्हीवाले येतायत. त्या दिवशी चुकला, तर मला तोंड दाखवू नका."

टीव्हीवाले भोंग्याची बातमी करायला येणार होते. संध्याकाळी सात वाजता, थेट चावडीवरून. टीव्ही बंद करणारं गाव सगळा महाराष्ट्र टीव्हीवर बघणार होता. आबांनी तालुक्याच्या मंडपवाल्याकडून भला मोठा पडदा आणवला आणि चावडीसमोर उभा केला, म्हणजे गावालाही बघता येईल.

शिंगाडे बाई म्हणाल्या, "आबा, सातला आपण टीव्ही बंद करतो, तेच दाखवायला येतायत ना?"

"व्हय," आबा म्हणाले, "पण आपण बंद करतो हे आपल्याला दिसायला नको?"

सगळ्यांना पटलं.

सोमवारी आबांनी हणमाला बोलावलं. "आज नवीन काही करू नकोस. सांगितलंय तेवढं कर." घरून निघताना गजराबाईने त्याच्या शर्टाचं बटण लावलं. "लेकरा, मी आजपातूर जे जे सांगितलं ते ध्यानात ठेव. आणि आबांचं एक अक्षर सोडू नको. तुझी नोकरी आजच्यावर हाय."

"बरं आई. आता तसंच करतो."

सात वाजत आले. टीव्हीवाल्यांनी ग्रामपंचायतीच्या विजेवर मोठाले दिवे लावले होते. चावडीवर दुपारसारखं लख्ख ऊन पडल्यागत झालं. आबा फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. "आमच्या गावात सात वाजले की एकही पडदा चालू राहत नाही," ते म्हणाले. मागच्या पडद्यावरही आबा तेच म्हणाले. समोर बसलेलं सगळं गाव मोबाईल वर धरून आबांना टिपून घेत होतं.

टीव्हीवाली ताई म्हणाली, "आणि आता वाजेल खडकेवाडीचा भोंगा."

सगळ्यांनी हणमाकडे बघितलं. हणमाने भवताली बघितलं. सात वाजले होते, पण अंधार नव्हता. अंधार असला तरच हात लावावा. आणि सात वाजले की वाजवायचा. आबा डोळ्यांनी खुणावत होते. गजराबाईने पदर तोंडात धरला होता. हणमाने विचार केला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच केला. मग तो धावत डीपीपाशी गेला, पेटी उघडली आणि खटका ओढला.

गावभर अंधार झाला. हणमाला हायसं वाटलं. तो चावडीत परत आला आणि त्याने भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा विजेवर चालणारा, तो वाजेना. पण सात वाजले की भोंगा वाजवायचा, असं आबांनी सांगितलं होतं, म्हणून हणमाने दोन्ही हात तोंडापाशी नेले.

"भोंऽऽऽऽऽ."

गावातल्या कुत्र्यांनी साथ दिली.

मग तो फेरीला निघाला. फार लांब जावं लागलं नाही. अंधार होताच सगळ्यांनी मोबाईलचे दिवे लावले होते, आणि रोज दारामागे असलेलं सगळं आज त्याला लख्ख दिसत होतं. त्याने खताचं रिकामं पोतं घेतलं आणि वांगी तोडावीत तसे मोबाईल गोळा करत, बंद करत गेला. आबा म्हणाले, "आरं, मी हाय."

"तुमी असला तरी सोडायचं नाही," हणमा म्हणाला.

पोतं खांद्यावर टाकून तो अंधारात गेला आणि थोड्या वेळाने मोकळ्या हाताने परत आला. आता फक्त एकच गोष्ट चालू होती. टीव्हीवाल्यांचा कॅमेरा त्यांच्या गाडीतल्या बॅटरीवर चालत होता, आणि त्याच्यावर बारकासा दिवा होता. ताईने कॅमेरा हणमासमोर धरायला लावला. "दादा, इथं नेमकं काय झालंय? सगळा महाराष्ट्र बघतोय."

कुणीतरी समोर काहीतरी धरलं होतं. हणमाने मान खाली घातली. रुमाल डोळ्याला लावला.

"देवाची मर्जी," तो म्हणाला. "जाणाऱ्याला कोण अडवणार?"

आणि त्याने कॅमेरा बंद केला.

अंधारातून आबांचा आवाज आला. ते ओरडले नाहीत, ओरडण्याइतकी ताकदच उरली नव्हती. "हणमा, घरी जा. आणि आज जे जे झालं, ते सगळं विसरून जा."

"बरं आबा," हणमा म्हणाला आणि घरी गेला. तेव्हा नऊ वाजायचे होते.

बघायला काही राहिलं नव्हतं, म्हणून लोकही घरी गेले. डीपीच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली हणमाबरोबर घरी गेली होती, म्हणून घरोघर मेणबत्त्या लागल्या. पोरांनी पुस्तकं काढली, आणि बापांना दुसरा उद्योग नसल्याने ते पोरांच्या शेजारी बसले. एकदोघांना आपलं पोरगं कितवीत आहे ते त्या रात्री कळलं. सगळं पाळल्यासारखं पाळलं गेलं ते त्याच दिवशी, असं शिंगाडे बाई अजून सांगतात.

सकाळी आबा कडुलिंबाची काडी चावत ओट्यावर बसले होते. तेवढ्यात तीन जीपगाड्या येऊन थांबल्या. आबांचे सासुरवाडीचे लोक होते. त्यांनी टीव्हीवर आबांना बोलताना पाहिलं होतं, मग अंधार पाहिला होता, मग रडणारा माणूस पाहिला होता. रात्रभर फोन लावले, गावातला एकही फोन लागला नव्हता. मेहुणे हंबरडा फोडतच खाली उतरले. गाव जमलं. आबा ओट्यावर उभे राहिले. "आरं, जिता हाय मी. ह्यो बघा हात. ह्यो बघा पाय." हणमा हात जोडून गप उभा राहिला. आबांचं दाखवून संपलं, तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

आबांनी त्याची गचांडी धरली. "हणमा, पोतं कुठं हाय?"

"कसलं पोतं, आबा?"

"मोबाईलचं."

"आबा, तुमीच म्हणाला सगळं विसरून जा. विसरलो."

"मग आता आठव."

हणमाने डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले आणि उघडले. "काय आठवायचं, आबा?"

आबांचा चेहरा लाल झाला. आता नोकरी गेली, म्हणून गजराबाई सवयीने आबांच्या दारात जाऊन बसली. तेवढ्यात शिंगाडे बाई हळूच म्हणाल्या, "आबा, याला काढून टाकलं, तर आठवल्यावर तो सांगेल कुणाला?"

आबांनी हात सोडला. हणमाची कॉलर त्यांनी नीट केली. त्याच दिवशी त्याला कायम केलं. आता स्मरणशक्ती वाढावी म्हणून आबांच्या घरून त्याला रोज बदाम घातलेलं दूध येतं. भोंगा सातला वाजतो, आणि त्यानंतर मोठी माणसं कुदळी घेऊन कुणाच्या उकिरड्यात नाहीतर कडब्याच्या गंजीत खणत असतात. पोतं कुठं आहे ते पोरांना माहीत असावं. पण पोरांना अजून कुणी विचारलेलं नाही, आणि पोरंही आपणहून सांगायला गेली नाहीत.

परवा गजराबाईने हणमाच्या ताटात भाकरी वाढली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "लेकरा, आता तुझी नोकरी पक्की झाली. मला तरी सांग कुठं ठेवलंस. माझाबी मोबाईल हाय त्यात."

हणमाने भाकरीचा तुकडा मोडला.

"आई," तो म्हणाला, "आबा म्हणाले, सगळं विसरून जा. आणि आबांचं एक अक्षर सोडू नको, आसं तूच सांगितलंस न्हवं?"