गोगलगाय आणि ओव्याचं पान

शपथेवर सांगतो, गोष्ट खरी आहे. मी तिथंच होतो. डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, पाहिली नाही. माझा डोळा लागला होता.

अंगणात होता पानओवा. एके दिवशी पाहावं, तर एकही पान नाही. नुसत्या काड्या.

घरात दोन वर्षांची ठकू. ठकू खोकते खुक खुक.

गोगलगाईनं ऐकलं. तिला लाज वाटली. शिंगं आत. मान आत. मग निघाली सरक सरक.

"ओवा, ओवा, पान दे.
कुणीतरी पानं खाल्ली.
ठकू खोकते खुक खुक."

ओवा म्हणाला, "आधी पाणी. मग पान."

गोगलगाय निघाली सरक सरक.

"झारी, झारी, पाणी दे.
पाणी मिळालं, की ओवा पान देईल.
कुणीतरी पानं खाल्ली.
ठकू खोकते खुक खुक."

झारी म्हणाली, "माझी भोकं बुजली मातीनं. आधी चिमणीला आण."

गोगलगाय निघाली सरक सरक.

"चिमणी, चिमणी, भोकं टोकर.
भोकं उघडली, की झारी पाणी देईल.
पाणी मिळालं, की ओवा पान देईल.
कुणीतरी पानं खाल्ली.
ठकू खोकते खुक खुक."

चिमणी म्हणाली, "उपाशीपोटी? आधी दाणे."

जनाकाकू तांदूळ पाखडत होती फटक फटक.

"काकू, काकू, दाणे दे.
दाणे मिळाले, की चिमणी भोकं टोकरील.
भोकं उघडली, की झारी पाणी देईल.
पाणी मिळालं, की ओवा पान देईल.
कुणीतरी पानं खाल्ली.
ठकू खोकते खुक खुक."

काकू म्हणाली, "देते. आधी सांग, हा कुणीतरी कोण?"

शिंगं आत. मान आत.

शंखातून आवाज आला, "मी."

"काय गं? ऐकू नाही आलं."

मान बाहेर. "मी खाल्ली. सगळी."

"अगंबाई. आणि मी उगाच आपल्या शेळीला बोलले."

काकूनं दाणे टाकले. चिमणीनं खाल्ले टिप टिप. भोकं टोकरली टक टक. झारी गळली झर झर. ओव्याला पानं फुटली लुस लुस. काकूनं ती तव्यावर शेकली. रस पिळला. मधातून चाटवला. ठकू झोपली गाढ.

गोगलगाईला मिळालं एक पान. काकू म्हणाली, "मागून खावं गं."

सगळं खरं. एवढंच खोटं, की पानं गोगलगाईनं खाल्ली. ती बिचारी दगडाखाली होती. पानं मी तोडली. बेसनात बुडवली. भजी तळली. एकट्यानं खाल्ली.

काकूला अजून सांगितलेलं नाही.