रवणीला बसलेल्या भावाची कहाणी

ऐका सटवाईबाई, तुमची कहाणी. ऐकणाऱ्यांनी मुठीत तांदळाचे दाणे धरावेत, आणि हाक आली की ओ द्यावी.

आटपाट नगराच्या वेशीपल्याड एक झोपडं होतं. तिथं आवडा नावाची बहीण आणि धाकलू नावाचा भाऊ राहत. बाप आधीच गेला होता. आई गेली तेव्हा धाकलू एवढासा होता. आईचं तोंड त्याला आठवत नव्हतं, हाक तेवढी आठवत होती. मग आवडानंच त्याला कडेवर वाढवलं. आपल्या ताटातलं त्याच्या ताटात घातलं. पुढं ती लग्न होऊन सासरी गेली. नवरा राजाच्या पागेत चाकरीला, दूर मुलखात. पहिलटकरीण झाली, तशी बाळंतपणाला माहेरी आली. माहेरी कोण? एक भाऊ, एक कोंबडा आणि एक बुटकी कोंबडी.

ही कोंबडी आईच्या वेळच्या वाणाची. अंगानं मूठभर, मायेनं सूपभर. पायांवर पिसं, चालली की जमीन झाडत चालायची. आणि आईचा एक वसा होता. घरात गर्भार बाई असली, की सटवाईच्या नावानं बुटकी कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवावी. टोपलीत पेंढा अंथरावा, त्यावर अंडी मांडावीत. विजेच्या कडाक्यानं अंड्यातला जीव जाऊ नये, म्हणून एक लोखंडी खिळा आणि एक कोळसा ठेवावा. पिलं उतरेपर्यंत घरात सुरी धरू नये, कोंबडीला उठवू नये. जिचं रवण सुखाचं, तिचं बाळंतपण सुखाचं.

त्या काळी रवणीला बसलेली कोंबडी उठतच नसे. दाणा नाही, पाणी नाही. पिलं उतरली तरच चोच ओली करायची. कित्येक तशाच बसल्या बसल्या मरायच्या.

आवडानं बुटकीला बसवलं. भावाला म्हणाली, "धाकल्या, हिच्यावर लक्ष ठेव हो. तुझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं."

"ठेवतो गं आक्का," धाकलू म्हणाला.

पिलं उतरायला थोडेच दिवस राहिले. आवडा ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. तेवढ्यात दारात कोण आलं? आवडाचा सासरा आला. ओटीवर बसला, पाणी प्याला, घर न्याहाळलं. म्हणाला, "काय रे धाकलू, आमच्या सुनेला कण्याच पाजतोस वाटतं? आमच्याकडे पाहुणा आला की कोंबडं कापतात."

"आमच्याकडेही कापतात, मामा! तुम्ही बसा तर खरं!"

धाकलू कोंबड्यामागं धावला. कोंबडा कुडावर गेला. कुडावरून छपरावर गेला. छपरावरून फणसावर गेला. सासरा पोट धरून हसला. "अरे, कोंबडा तुझ्याहून शहाणा निघाला की!"

धाकलूचे कान तापले. त्यानं सुरी घेतली आणि टोपलीकडे वळला. बुटकी पळाली नाही. रवणीवरची कोंबडी पळत नाही. तिनं पिसं फुलवली, त्याच्या मनगटावर एक चोच मारली, आणि बसून राहिली. त्यानं तिला उचललं.

सासरा जेवला. "एवढीशीच होय?" म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.

मग आवडा आली. अंगणात पिसं पाहिली. डोक्यावरचं धुणं तिथंच ठेवलं. "धाकल्या, टोपली कोणी उघडली?"

"आक्का, दुसरी बसवू. कोंबड्यांना काय तोटा?"

आवडा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वाकून अंड्यांवर हात ठेवला. "अजून कोमट आहेत रे," म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. अंडी निवू लागली, तशी तिची पावलं गार पडली. मग पोटऱ्या गार पडल्या. मग गुडघे. धाकलूनं तिला उचलून आत निजवलं, गोधडीवर गोधडी घातली. ऊब येईना. वेणा मात्र सुरू झाल्या.

तेव्हा उंबऱ्यात एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, कानावर खोचलेला बोरू. "मी सुईण," म्हणाली. चुलीपुढून चालत आत गेली. चुलीपुढं राख सांडली होती. धाकलूनं राखेत पाहिलं, तर माणसाचं पाऊल नव्हतं. पुढं तीन बोटं, मागं एक नखी. कोंबडीचं पाऊल, पण सुपाएवढं.

धाकलूनं ओळखलं, ही सटवाई. त्यानं लोटांगण घातलं. "आई, चुकलो. मला ने, आक्काला ठेव."

सटवाई म्हणाली, "तुला नेऊन काय करू? रवणीवरची कोंबडी मारलीस, आता तूच कोंबडी हो. पिलं उतरेपर्यंत ऊब मोडू नको. बाहेरून हाक आली तर ओ देऊ नको. आतून हाक आली की मग दे. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

"उतणार नाही, मातणार नाही," धाकलू म्हणाला. टोपली उचलून खुराड्यात शिरला. गुडघे पोटाशी घेतले, अंडी पोटाखाली घेतली, आणि बसला.

पहिला दिवस उजाडला. गावचे गडी नांगर घेऊन चालले होते. एकानं खुराड्यात डोकावलं. "अरे या, या! धाकलू खुडूक झालाय! का रे, अंडी कधी घालणार? एक आमच्या नावानं घाल!" सगळे खो खो हसले. धाकलूच्या मुठी वळल्या, दात करकरले. एरवी एकेकाला लोळवलं असतं. पण ओ दिली नाही.

दुसरा दिवस आला. भर दुपार झाली, कावळासुद्धा बोलेना. तेव्हा अंगणातून हाक आली. "धाकल्या, बाळा, जेवायला ये रे." आईची हाक. लहानपणची, शेवट लांबवलेली, तीच. धाकलूच्या डोळ्यांना धारा लागल्या. ओठ उघडले. तेवढ्यात खुराड्याच्या फटीखालून त्याला पाय दिसले. पुढं तीन बोटं, मागं एक नखी. त्यानं ओठ दातांत धरले. ओठातून रक्त आलं, पण ओ दिली नाही. पाय थोडा वेळ उभे राहिले. मग गेले.

तिसरा दिवस कलला. तिन्हीसांज झाली. आतून आवडाचं कण्हणं येत होतं, ते बंद झालं. धाकलू कान देऊन राहिला. मग हाक आली. "धाकल्या... पाणी दे रे."

धाकलूनं फटीतून पाहिलं. पाय दिसले नाहीत. अंधारून आलं होतं, काहीच दिसत नव्हतं. मनात म्हणाला, काल आईच्या आवाजात आली, आज आक्काच्या आवाजात आली.

"धाकल्या, पाणी."

त्यानं अंडी पोटाशी घट्ट धरली.

तिसऱ्यांदा नुसतं "धाकल्या" आलं, तेही अर्धं. मग काही नाही.

ऊब मोडली तर आक्का जाते, आणि हाक खरी असली तर? विचार करता करता पोटाखाली काहीतरी टकटकलं. अंड्याच्या आतून बारीक आवाज आला. "चिंव."

"ओ!" धाकलू ओरडला. "ओ! ओ!" तीन दिवसांची कोंडलेली ओ, साऱ्या गावानं ऐकली. कवचं फुटली, ओली पिलं बाहेर पडली. एक अंडं मुकंच राहिलं. आणि घरातून बाळ रडल्याचा आवाज आला.

धाकलूनं पिलं धोतराच्या सोग्यात घेतली आणि धावत आत गेला. बाळ सुपात होतं. आवडा पांढरीफटक पडली होती. त्यानं पावलांना हात लावला. कोमट होती.

तिनं डोळे उघडले. ओठांना चिरा पडल्या होत्या. म्हणाली, "किती हाका मारल्या रे. ओ का नाही दिलीस?"

"ती तू होतीस?"

"मग दुसरं कोण असणार?"

धाकलूनं घाईनं तांब्या तिच्या ओठांना लावला. निम्मं पाणी उशीवर सांडलं, निम्मं तिच्या तोंडात गेलं. ती प्याली. आणखी मागितलं. तो पाजत राहिला आणि रडत राहिला.

उशाशी सटवाई बसली होती, बोरू हातात. धाकलू म्हणाला, "तू इथंच होतीस. पाणी का दिलं नाहीस?"

"मी लिहिणारी. पाणी देणारं माणूस मी खुराड्यात बसवलं होतं." मग म्हणाली, "पण वसा पाळलास. माग. राज्य देऊ? सोनं देऊ? लांब आयुष्य देऊ?"

"मला काही नको. सख्ख्या माणसाची हाक आली आणि ओ देता आली नाही, असं पुन्हा कुणाच्या कपाळी लिहू नको. माझी आक्का राहिली. पण ती हाक माझ्या कानातून जायची नाही."

सटवाईचा बोरू थांबला. "लिहिलेलं पुसता येत नाही," ती म्हणाली. "पुढलं हातात आहे. आजपासून रवणीला बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठेल. दाणा टिपेल, पाणी पिईल, परत येईल. तेवढ्यानं अंडी निवायची नाहीत. तेवढ्या वेळाची ऊब मी धरीन." असं म्हणून बाळाच्या कपाळावर लिहिलं आणि उंबरा ओलांडला. राखेतली पावलं तिच्यामागं पुसत गेली.

धाकलूनं मुकं अंडं आणि बुटकीची पिसं फणसाखाली पुरली, वर दिवा ठेवला. बुटकीच्या पिलांनी अंगण भरलं. आवडाचं बाळ त्यांच्यामागं रांगू लागलं. मामाला हाक मारू लागलं. मामा कुठंही असो, पहिल्या हाकेला ओ देई.

म्हणून बायांनो, रवण बसवाल तेव्हा टोपलीशेजारी पाण्याची परळ ठेवा. बाळंतिणीच्या उशाशी आधी तांब्या ठेवा, मग सुईणीला बोलवा. आणि घरातून हाक आली, तर हातातला वसा खाली ठेवा, उठा, ओ द्या. ऊब सटवाई धरते.

आवडाला ओ उशिरा मिळाली, तुम्हां आम्हां वेळेवर मिळो. तिची पावलं उबदार झाली, तशी घरोघरच्या लेकीबाळींची होवोत. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांच्या पंखाखाली उबली, सुफळ उतरली, संपूर्ण झाली.