भद्रकाची साक्ष

भोगवर्धन नगरात सुषेण राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका माळ्याच्या पोटी धाकटा मुलगा होऊन जन्मले. थोरला भाऊ भद्रक. मधली बहीण उत्पला विधवा होऊन माहेरी परतलेली. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा दोघा मुलांना जवळ बोलावून म्हणाला, "घर आणि बैल तुम्ही वाटून घ्या. जाईचा मळा उत्पलेचा. तिला कुणापुढे पदर पसरायची पाळी येऊ नये." दोघांनी होकार दिला आणि बापाने डोळे मिटले.

भद्रकाचा जीव मात्र मळ्यातच अडकला होता. दिवस-कार्य आटोपताच तो न्यायसभेत जाऊन म्हणाला, "मळा वडिलांनी मला दिला."

खोटी साक्ष देणाऱ्याला त्या राज्यात हद्दपार करीत. न्यायाधीशांनी बोधिसत्त्वांना विचारले, "तू तेथे होतास. हे खरे का?"

बोधिसत्त्व भावाकडे वळले. "दादा, पुन्हा एकदा आठवून पाहा."

"त्यात आठवायचे काय?" भद्रक म्हणाला, पण त्याची नजर जमिनीवरून उठेना.

"न्यायाधीश महाराज, मी याला होय म्हणणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले, "आणि भावाविरुद्ध तोंडही उघडणार नाही. माझ्या वाट्याचे सारे मी ताईला देतो."

भद्रकाचा दावा खोडायला दुसरे कोणी पुढे आले नाही. मळा भद्रकाला मिळाला.

पुढे बोधिसत्त्व टोपली घेऊन मळ्याच्या कुंपणाशी आले. "दादा, खुडणीला माणूस हवा आहे का?" नाही म्हणायला भद्रकाची जीभ रेटेना. रोज पहाटे बोधिसत्त्व कळ्या खुडीत आणि मजुरीचे धान्य दोन्ही हातांनी घेत. ना टोमणा, ना वाकडी नजर. ते एक शब्द बोलते, तर भद्रकाला भांडता तरी आले असते.

एकदा बाजारात एक म्हातारी त्याला म्हणाली, "धाकट्याला पोटाशी धरलेस हो! भाऊ असावा तर असा." भद्रकाचे कान तापले. फुले तेथेच टाकून तो उत्पलेच्या दाराशी गेला, पण उंबरा ओलांडेना.

"मळा तुझा आहे. मी खोटे बोललो. आता सभेतही हेच सांगायला निघालो आहे."

उत्पला धान्य पाखडत होती. ती थांबली. "मला ठाऊक होते, दादा. बाबांनी दुखण्याआधीच मला सांगितले होते."

"मग गप्प का राहिलीस?"

"तुला हद्दपार केले असते. भाऊ घालवून मळा घेऊ?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे भद्रकाला वाटले. सभेत त्याने सारे कबूल केले. भावंडांच्या विनवणीवरून राजाने शिक्षा माफ केली. तरी त्या मळ्यावरून जाताना तो कित्येक वर्षे खाली पाहूनच चालला.

दिवंगत आचार्यांच्या भिक्षापात्रावरून भांडणाऱ्या दोन भिक्षूंना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रक म्हणजे तुमच्यातला थोरला. उत्पला म्हणजे काल तुम्हा दोघांना भिक्षा वाढणारी उपासिका. खुडणीला आलेला धाकटा भाऊ मी होतो."

थोरल्या भिक्षूने पात्र धाकट्यापुढे सरकवले. त्याला मान वर करता येईना.

शास्ते म्हणाले, "चुकलेल्याला परतायला वाट ठेवते, ती क्षमा म्हणजेच क्षांती."