केरबा जगातले उत्सव बघून आला

दोष यादी करणाऱ्यांचा आहे. 'जगात बघायलाच हवेत असे उत्सव' अशी यादी पंख्याखाली बसून करायची, आणि जिथे माणसं खरोखर अनवाणी नाचतात त्या गावांची नावं खुशाल गाळायची. वर त्या गावांनाच विचारायचं, तुमच्याकडे गर्दी का नाही?

अशाच एका गाळलेल्या गावात, खरवडीत, एक भोळा गडी राहायचा. नाव केरबा. वय पस्तीस. सांगाल ते करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा.

खरवडीच्या देवीच्या जत्रेला गेल्या माघात एकोणचाळीस माणसं आली. त्यातले बारा दुकानदार. मग जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीतून निकम साहेबांचं पत्र आलं. पुढच्या माघात स्वतः येऊन गर्दी बघू. असली तर जत्रा यादीत. नसली तर बंद, आणि देवीची पालखी शेजारच्या गावच्या जत्रेत. सरपंच हौसाताईंना त्या दिवसापासून जेवण जाईना.

गावातले मोहिते मास्तर निवृत्तीनंतर परदेशी सहली काढायचे. सहलीतल्या मंडळींना सातासमुद्रापार गेलं तरी भाकरी लागायची, आणि भाकऱ्या थापणारा आचारी नुकताच सोडून गेला होता. मास्तर सोडले तर गावात पासपोर्ट फक्त केरबाकडे होता. रेशन कार्डासाठी तालुक्याला गेला असताना कुणीतरी 'रांगेत उभा राहा' म्हणालं, तो उभा राहिला, आणि रांग पासपोर्टची निघाली.

"जा," हौसाताई म्हणाल्या. "भाकऱ्या थाप, उत्सव बघ, आणि माणसं कशी जमवतात ते शिकून ये. मास्तर सांगतील तसं कर."

एप्रिलमध्ये मंडळी थायलंडला गेली. तिथे नव्या वर्षाला लोक एकमेकांना पाण्याने भिजवतात. केरबा इस्त्रीचा सदरा घालून निघाला. एका आजीने त्याच्या डोक्यावर बादली रिकामी केली. केरबा तिला म्हणाला, "मावशी, माझं काय चुकलं?" तिने दुसरी बादली ओतली.

मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. "अरे, ते शुभ असतं. उत्सव म्हटला की समोर दिसेल त्यावर पाणी ओतायचं."

"बरं मास्तर."

ऑगस्टमध्ये जपान. तिथे पूर्वजांच्या आठवणीत कागदी दिवे नदीत सोडतात. संध्याकाळ झाली. शेकडो दिवे पाण्यावरून हळूहळू निघाले. केरबा बादली घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. चाळीस दिवे विझेपर्यंत कुणाला काही कळलंच नाही.

"ओतलंस कशाला?" मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले.

"शुभ असतं म्हणून."

"इथे हात जोडायचे. डोळे मिटायचे. गप उभं राहायचं."

"बरं मास्तर."

महिना संपता संपता स्पेन. तिथे एका गावात लोक एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात. केरबा चौकाच्या मधोमध हात जोडून, डोळे मिटून गप उभा राहिला. तासाभराने टोमॅटोच्या लगद्यात तो सापडला तो नाकाच्या शेंड्यावरून.

"नुसता उभा राहिलास?" मास्तर म्हणाले. "समोर खायचं दिसलं की उचलायचं आणि फेकायचं."

"आधी सांगायचं की मास्तर."

नोव्हेंबरात मेक्सिको. तिथे वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात असं मानतात. एका बाईने आजोबांच्या थडग्यावर गोड पाव, संत्री, गरम पेज असं सगळं मांडलं होतं. केरबाने पाव उचलला आणि तिला मारला. मग संत्री. नेम चांगला बसला होता. पेजेला हात घालणार, तेवढ्यात मास्तरांनी त्याची कॉलर धरली.

मास्तर आता थकले होते. आठ महिने झाले होते, आणि भाकऱ्याही कच्च्या असायच्या. "केरबा, बाबा, शेवटचं सांगतो. ज्याने यावं असं वाटतं त्याचा फोटो मांडायचा. झेंडूचा हार घालायचा. समोर दिवा. त्याच्या आवडीचं ताट. मग तो येतो."

"नक्की येतो?"

"नक्की."

केरबा गावी परतला. माघ उजाडला. जत्रेच्या आदल्या दिवशी हौसाताई म्हणाल्या, "केरबा, निदान साहेब तरी यायला हवेत रे."

"येतील की. त्याची रीत आहे."

त्याने साहेबांच्या घरी फोन करून विचारून घेतलं. अळूची भाजी आणि जिलबी. तालुक्याहून साहेबांचा दाराएवढा फोटो छापून आणला. पहाटे तो देवळाजवळच्या फाट्यावर उभा केला. झेंडूचा हार घातला. समई लावली, उदबत्ती लावली, पुढे ताट ठेवलं. मग देवळामागच्या भटारखान्यात जाऊन सांगितलं, महाप्रसादालाही अळू-जिलबीच करा.

सातची एसटी फाट्यावर थांबली. फोटो बघून कंडक्टरने टोपी काढली. पुढच्या सगळ्या गावांत त्याने बातमी पोहोचवली. आता माणूस ओळखीचा असो नसो, हार आणि समई दिसली की जाऊन यायचं, एवढी माणुसकी अजून या भागात आहे. दहा वाजेपर्यंत सात गावं लोटली. बैलगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, एक भजनी मंडळ आलं. हौसाताई देवळाच्या पायरीवरून गर्दी बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. एवढी माणसं कशी आली, हे त्यांनी विचारलं नाही.

बाराला निकम साहेब आले. गर्दीत जीप शिरेना, म्हणून चालत आले. मोजायला लागले आणि दोन हजारांवर थांबले. तक्त्यात आकडा लिहिला. पुढचा रकाना होता, 'गर्दी कशामुळे?'

"काय विशेष आहे इथे?" त्यांनी एकाला विचारलं. त्याने पुढे बोट दाखवलं.

साहेब पुढे गेले. लोकांनी वाट दिली. ते समईसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी फोटोकडे पाहिलं. हातातलं पेन खाली पडलं.

शेजारच्या पंगतीत ठकूबाई जिलबी वाढत होती. तिने परात कमरेवर घेतली आणि साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला.

"बस बाबा, दोन घास खाऊन घे. गेलेला तुझा कोण लागत होता?"